दार उघडं, जिभेला कुलूप

'गोवा प्लॅन' नावाचा एखादा ग्रुप तुमच्याही फोनमध्ये असेलच. निम्मे प्लॅन ग्रुपवरच संपतात, निम्मे खरोखर बांद्यापर्यंत पोहोचतात. पहाटे स्लीपर बस महाराष्ट्राची हद्द सोडून पत्रादेवीपाशी गोव्यात शिरते, तेव्हा आपण बहुतेक जण गाढ झोपेत असतो. मग पणजीत १८ जून रस्त्यावर खरेदी, संध्याकाळी आग्वादच्या किल्ल्यावर फोटो आणि परतताना वाट वाकडी करून आंबोलीच्या धबधब्याखाली भिजणं. आपली यादी साधारण ठरलेली असते.

गंमत म्हणजे पत्रादेवी, १८ जून, आग्वाद आणि आंबोली ही चारही नावं एकाच गोष्टीतली आहेत. ती गोष्ट आहे एका हुकूमशाहीची आणि तिच्याशी पंगा घेणाऱ्या माणसांची. फॅसिझम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिटलर येतो, मुसोलिनी येतो, ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधले बूट येतात. म्हणजे काहीतरी लांबचं, युरोपातलं. पण सावंतवाडीहून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी, १९६१ सालापर्यंत, त्याच धाटणीची एक राजवट चालू होती. बाकीचा देश मोकळा झाल्यानंतर तब्बल चौदा वर्षं. आज ऐंशीच्या घरात असलेल्या गोवेकर आजी-आजोबांचं शाळकरी वय त्या राजवटीत गेलंय.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक

पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण साडेचारशे वर्षं सगळं एकसारखं नव्हतं. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हा गोव्यातही थोडी मोकळी हवा आली. हिंदूंवरची बंधनं सैल झाली, मराठी-पोर्तुगीज-कोकणी नियतकालिकं निघू लागली, शाळा आणि वाचनालयं सुरू झाली. ही हवा जेमतेम सोळा वर्षं टिकली. २८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि दोन वर्षांनी कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक अर्थमंत्री झाले. त्यांचं नाव आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.

सालाझार हिटलरसारखे किंचाळणारे नव्हते. मोठमोठ्या सभा घेणं त्यांना आवडायचं नाही. त्यामुळे त्यांच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणायचं की नुसती हुकूमशाही, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण सामानाची यादी बघा. एकच अधिकृत पक्ष. गुप्त पोलीस. छापण्याआधी सेन्सॉर. 'देव, देश, कुटुंब' ही घोषणा. आणि १९३६ मध्ये शाळकरी मुलांसाठी काढलेली 'मोसिदाद पोर्तुगेझा' नावाची संघटना. हिरवा शर्ट, हात पुढे करून सॅल्यूट आणि पट्ट्याच्या बकलवर 'एस' हे अक्षर. एस म्हणजे सेवा असं सरकार सांगायचं, सालाझार असं लोक समजायचे.

गोव्याच्या वाट्याला याहून वेगळं एक कलम आलं. १९३० च्या 'वसाहत कायद्या'नं वसाहतींमधल्या माणसांचा दर्जा कागदावरच खाली आणला. त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला. आमचं भवितव्य ठरवण्याचा हक्क आमचा आहे, असा त्या ठरावाचा आशय होता. ब्रागांझा पत्रकार होते. त्यांचं 'प्रकाश' हे पत्र १९३७ मध्ये बंद पडलं.

लग्नपत्रिकेलाही परवानगी

मी मास कॉमला शिकते. सेन्सॉरशिपवर आमचा एक अख्खा युनिट आहे. त्यात आम्ही वृत्तपत्रं, सिनेमा, फार तर ओटीटी एवढंच शिकतो. सालाझारच्या काळातल्या गोव्याबद्दल वाचताना मी पहिल्यांदा अडखळले ती लग्नपत्रिकेवर. गोव्यात तेव्हा लग्नाची पत्रिका छापायची असली तरी मजकूर आधी सरकारी माणसाला दाखवावा लागे. मुलीचं नाव, मुलाचं नाव, मुहूर्त, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय', यात सरकारविरोधी काय असणार? काहीच नाही. पण तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतंच. मुद्दा मजकुराचा नसतो. छापखान्याच्या मालकापासून नवरीच्या बापापर्यंत प्रत्येकाला सवय लागली पाहिजे, की तोंडातून किंवा यंत्रातून शब्द बाहेर काढण्याआधी विचारायचं.

वर्तमानपत्रांचं काम तर यापेक्षा कडक होतं. पान छापायच्या आधी सेन्सॉरकडे जाई. पोर्तुगालमध्ये सेन्सॉरचे अधिकारी निळ्या पेन्सिलनं ओळी खोडत. 'निळी पेन्सिल' हा शब्दच तिथे सेन्सॉरसाठी रूढ झाला. 'सेन्सॉरनं पाहिले' असं पानावर छापावं लागे. आणि खोडलेल्या मजकुराची जागा कोरी ठेवायची नाही. म्हणजे आपल्यापासून काहीतरी लपवलंय एवढंसुद्धा वाचकाला कळता कामा नये. भोक पडलेलं पान दिसलं तर माणूस निदान विचारात पडतो. इथे पान गुळगुळीत. मला स्वतःला या राजवटीतला सगळ्यात धूर्त नियम हाच वाटला.

सभेला परवानगी, संस्था काढायला परवानगी. 'जय हिंद' म्हटलं म्हणून अटक. खऱ्या अर्थानं निवडणूक नाही, त्यामुळे पुढच्या वेळी बघून घेऊ ही सोयही नाही.

गोव्यात फिरताना एक वाक्य अजून कानावर पडतं. पोर्तुगीज काळात शिस्त होती, चोऱ्या नव्हत्या, दाराला कुलूप लावावं लागत नसे. शेवटच्या काही वर्षांत परदेशी माल स्वस्त मिळायचा, हेही खरंच. खनिजाच्या पैशानं काही घरं वर आली. तेव्हा असं सांगणारे आजोबा खोटं बोलतात असं मुळीच नाही. रोजचं आयुष्य चालू होतं. लोक शेती करत होते, पाव भाजत होते, जत्रेला आणि फेस्ताला जात होते, प्रेमातही पडत होते. हुकूमशाहीत चोवीस तास सायरन वाजत नसतात. ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांचं बरं चाललं होतं. दाराला कुलूप नव्हतं. ते जिभेला होतं.

बर्लिनमधली मैत्री, मडगावचा पाऊस

१९४६ च्या उन्हाळ्यात डॉ. राममनोहर लोहिया आग्र्याच्या तुरुंगातून सुटले होते आणि तब्येत पार ढासळली होती. विश्रांतीसाठी ते गोव्यात असोळणा गावी आले, मित्राच्या घरी. मित्र म्हणजे डॉ. ज्युलियांव मिनेझिस. दोघांची ओळख कुठली, तर बर्लिनची. दोघंही तिथे शिकायला होते. त्या काळात जर्मनीत नाझींचा जोर रोज वाढत होता, आणि १९३३ मध्ये लोहिया डॉक्टरेट करून परतले तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. म्हणजे हे दोघं काही पुस्तकातून फॅसिझम शिकले नव्हते.

लोहिया आल्याची खबर पसरली तशी माणसं असोळण्याला येऊ लागली. प्रत्येकाचं गाऱ्हाणं फिरून फिरून एकाच जागी यायचं, की इथे बोलायलाच बंदी आहे. तेव्हा लोहियांनी ठरवलं, मागणी मोठी नको. एकच गोष्ट करायची. परवानगी न घेता सभा घ्यायची आणि बोलायचं.

१८ जून १९४६. मडगाव. जूनचा कोकणी पाऊस. लोहिया आणि मिनेझिस सभेच्या जागी पोहोचले तेव्हा गर्दी जमली होती. पोर्तुगीज अधिकारी पिस्तूल काढून आडवा आला. लोहियांनी त्याला हातानं बाजूला सारलं आणि बोलायला सुरुवात केली. भाषण पूर्ण झालंच नाही, दोघांना लगेच पकडलं. पण लोकांनी जे बघायचं ते बघितलं होतं. पिस्तूल बाजूला सारता येतं!

पुढच्या काही दिवसांत मडगावात वत्सला कीर्तनी या तरुणीला घोषणा दिल्याबद्दल अटक झाली. तेव्हा बायका जमून पोलीस ठाण्यावर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही पकडा. ज्या समाजात बाईनं चारचौघांत मोठ्यानं बोलू नये असं घरातले सांगत आणि कोणीच बोलू नये असं सरकार सांगत होतं, तिथे हे घडलं.

सरकारनं हिशोब चुकता केला. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, म्हणजे टी. बी. कुन्हा, हे पॅरिसला शिकलेले इंजिनियर. गोवेकरांचं राष्ट्रीयत्व कसं पुसलं गेलं यावर त्यांनी १९४४ मध्ये पुस्तिका लिहिली होती. जुलै १९४६ मध्ये त्यांना अटक झाली, खटला लष्करी न्यायालयात चालला. आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना बोटीनं पोर्तुगालला, समुद्रकाठच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, पुरुषोत्तम काकोडकर यांनाही असंच समुद्रापार धाडलं. काकोडकर हे आडनाव ओळखीचं वाटलं ना? अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांचे ते वडील. मुलगा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता.

पणजीतल्या ज्या रस्त्यावर आपण काजू आणि टी-शर्ट घेतो, त्याचं नाव या दिवसावरून पडलंय. सभा मात्र मडगावातली. ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखलं जातं.

जेवणाच्या टेबलावरचा निषेध

१९५१ मध्ये सालाझारनं एक शब्दांचा खेळ केला. जगभर वसाहती सुटत होत्या, त्यामुळे 'वसाहत' हा शब्दच घटनेतून काढून टाकला आणि 'सागरापारचा प्रांत' असं नवं नाव दिलं. वसाहतच नाही तर स्वातंत्र्य कशाचं मागता? गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशी ती युक्ती होती.

फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाला एका मेजवानीत हेच वाक्य भाषणात आलं. पाहुण्यांमध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे होते. नावाजलेले सर्जन. पत्नी एडिला स्वतः पोर्तुगीज, अझोर्स बेटांवरची. गायतोंडे जागेवरून म्हणाले, मी निषेध करतो. बास. एवढंच. ना बॉम्ब, ना मोर्चा, ना पत्रक. त्यांना अटक झाली आणि पत्नीसह पोर्तुगालला नेण्यात आलं. ही बातमी गोव्यात पसरली, तेव्हा डॉक्टरांना का पकडलं म्हणून विचारणारेही तुरुंगात गेले.

आपण दिवसातून चार वेळा कुठल्यातरी कमेंटमध्ये 'निषेध' टाइप करतो आणि पुढच्या रीलवर जातो. त्यामुळे या गोष्टीचं वजन कळायला मला थोडा वेळ लागला. ज्याचा दवाखाना चालू आहे, ज्याला समाजात मान आहे, ज्याची बायको राज्यकर्त्यांच्या देशातली आहे, त्याला गप्प बसणं किती सोपं होतं! जेवण संपवून घरी जायचं, एवढंच तर करायचं होतं.

पत्रादेवी

१९५५ मध्ये ही लढाई महाराष्ट्रात घराघरांत आली. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली आणि तिथून सत्याग्रहींच्या तुकड्या निघू लागल्या. १८ मे रोजी पहिल्या मोठ्या तुकडीत नानासाहेब गोरे होते आणि सेनापती बापट होते. बापटांचं वय चौऱ्याहत्तर. पोलिसांनी मारहाण करताना वय पाहिलं नाही. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या पाठोपाठ जुलैमध्ये गेलेले मधू लिमये यांना बारा वर्षांची. पुढे १९५७ मध्ये ही मंडळी सुटली, पण शिक्षा सुनावताना पोर्तुगीज न्यायालयाला ते ठाऊक नव्हतं आणि यांनाही नव्हतं.

एप्रिलमध्येच सुधाताई जोशी यांनी आणखी एक धाडस केलं होतं. नॅशनल काँग्रेस (गोवा) या बंदी असलेल्या संघटनेचं अधिवेशन त्यांनी म्हापशात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत भरवायचं ठरवलं. अध्यक्ष त्या स्वतः. भाषण सुरू केलं आणि अटक झाली.

मग आला १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी एकाच दिवशी हद्द ओलांडून आत शिरले. कोणाच्याही हातात शस्त्र नव्हतं. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला तिरंगा धरून पुढे निघालेल्या मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. तेव्हा पंजाबमधून आलेला कर्नैल सिंग हा पंचविशीतला शिक्षक पुढे धावला आणि तिथेच पडला. तेरेखोलला हिरवे गुरुजी गेले.

त्यानंतर भारत सरकारनं सीमा बंद केली. कॅसलरॉककडून गोव्यात उतरणारी रेल्वे थांबली. सत्याग्रहींनाही पुढे जाऊ दिलं जाईना. याचा चटका सगळ्यात जास्त बसला तो मुंबईत नोकरीला असलेल्या गोवेकरांना. मुलगा गिरगावात किंवा माझगावात, आईवडील बारदेशात किंवा साष्टीत, आणि मध्ये परमिट. घरी जायला कागद, घरून यायला कागद.

पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक हमरस्त्यालाच आहे. आपली बस त्याच्या जवळून जाते.

आग्वाद ते लिस्बन

आग्वादच्या वरच्या किल्ल्यावर सगळे जातात. खाली समुद्राला लागून तुरुंग होता, तिकडे कमी जण वळतात. स्वातंत्र्यसैनिकांना तिथे डांबलं जाई. मांडवीकाठी रेइश मागुशच्या किल्ल्यातही तुरुंगच होता. पकडल्यावर आधी पोलीस कोठडी, तिथे मारहाण, मग लष्करी न्यायालय, मग हे किल्ले. फेब्रुवारी १९५५ मध्ये बाळा राया मापारी यांचा कोठडीतल्या छळानं मृत्यू झाला.

पन्नाशीच्या दशकात लिस्बनच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे 'पीडे'नं, गोव्यात पाय पक्के रोवले. त्या काळातल्या आठवणींमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येतं. कासिमिरो मोंतेरो. छळासाठी कुख्यात पोलीस. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

सगळ्यांनीच सत्याग्रह केला असं नाही. आझाद गोमंतक दलानं शस्त्रं हाती घेतली. त्यातलं आपल्या सगळ्यात जवळचं नाव मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, खरं नाव मनोहर आपटे. मराठी शाळेत शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि नाव बदलून भूमिगत काम करू लागले. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षं. रवानगी लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात, त्यातली कित्येक वर्षं एकांत कोठडीत.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, हारतुरे झाले, मिरवणुका निघाल्या. रानडे आतच. कारण ते तर पोर्तुगालमध्ये होते आणि तिथली हुकूमशाही शाबूत होती. ज्या गावासाठी लढले ते सुटलं आणि लढणारा राहून गेला. इकडे त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार सुधीर फडके यांनी अक्षरशः ध्यास घेतला होता. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. पकडले तेव्हा पंचविशीत होते, सुटले तेव्हा चाळिशीला आलेले. कवी-पत्रकार तेलो मास्करेन्यस यांना तर बाहेर यायला १९७० उजाडलं.

जंगलातून आलेला आवाज

आता आंबोली. धबधब्याचा सीझन सोडला तर आजही तिथलं जंगल गच्च असतं. सत्तर वर्षांपूर्वी किती असेल!

गोव्यात सरकारचा स्वतःचा रेडिओ होता, 'एमिसोरा द गोवा'. त्यावर सालाझारची बाजू चोवीस कॅरेट सोनं म्हणून विकली जाई. पान सेन्सॉरच्या हातात, रेडिओ सरकारच्या हातात. मग खरी बातमी पोहोचवायची कशी? १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांचे वायरलेस सेट कार्यकर्त्यांच्या हाती लागले होते. त्यांचं रूपांतर रेडिओच्या ट्रान्समीटरमध्ये करण्यात आलं. म्हणजे पोलिसांचंच यंत्र पोलिसांच्या विरोधात बोलू लागलं.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे भूमिगत केंद्र सुरू झालं. आधी आंबोलीच्या जंगलात, नंतर कॅसलरॉकच्या बाजूला. केंद्र मुख्यतः दोन माणसांच्या खांद्यावर होतं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. कोकणी आणि पोर्तुगीज भाषेत रोज बातम्या, सरकारी प्रचाराला उत्तरं, तुरुंगात कोण आहे, बाहेर जगात काय चाललंय. सकाळी आणि संध्याकाळी. बातम्या गोळा करायच्या, लिहायच्या, वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आजूबाजूला साप, जळवा, धो धो पाऊस. लिबिया तेव्हा तिशीतल्या होत्या, मुंबईत शिकलेल्या आणि नोकरी केलेल्या. त्या काळात एका तरुणीनं जंगलात राहून रेडिओ चालवायचा, यावर नातेवाईक काय म्हणाले असतील याचा अंदाज कुठल्याही मुलीला येईल.

आणि हे किती दिवस? सहा वर्षं! आमच्या बॅचनं कॉलेजचं पॉडकास्ट सुरू केलं होतं, ते सहाव्या एपिसोडला थंडावलं. ऐकणारे कमी आहेत हे कारण. या दोघांना तर पलीकडे कोण ऐकतंय हे कळायची सोयच नव्हती. ऐकणाऱ्यानं पत्र पाठवायचं म्हटलं तरी जोखीम. तरीही रोज ठरलेल्या वेळी आवाज गेला.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वामन आणि लिबिया विमानात बसून गोव्यावरून फिरले. खाली पत्रकं टाकत, लाऊडस्पीकरवरून सांगत, की गोवा मुक्त झालाय. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, वयाच्या शंभरीत.

त्यांचीही सुटका

ही गोष्ट इथे संपवली तर 'आपण विरुद्ध पोर्तुगीज' असं वाटत राहील. मला वाचताना सगळ्यात जास्त धक्का बसला तो पुढच्या भागात.

भारतीय फौजा आत येणार हे दिसू लागलं, तेव्हा सालाझारनं गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवलं की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही. त्यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते. व्हासालो यांनी हिशोब केला आणि माणसं मारवली नाहीत. शरण गेले. घरी परतल्यावर बक्षीस काय, तर सैन्यातून हकालपट्टी. हुकूम न पाळल्यामुळे किती जीव वाचले हे मोजायला सालाझारकडे रकानाच नव्हता.

आणि तो कासिमिरो मोंतेरो? फेब्रुवारी १९६५ मध्ये जनरल हंबर्टो देल्गादो यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला. देल्गादो पोर्तुगीज. १९५८ मध्ये सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची हिंमत त्यांनी केली होती. त्यांना मारणाऱ्या पीडेच्या टोळीत हाच मोंतेरो होता, पुढे पोर्तुगीज न्यायालयानं त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवलं. गोवेकरांच्या अंगावर जे हात चालले, तेच एका पोर्तुगीज सेनापतीवरही चालले. पेनिशच्या किल्ल्यात टी. बी. कुन्हा होते, तसे शेकडो पोर्तुगीजही होते. निळी पेन्सिल तिथल्या वर्तमानपत्रांवरही चालतच होती.

म्हणून २५ एप्रिल १९७४ ही तारीख आपल्यालाही माहीत असायला हवी. त्या रात्री लिस्बनमध्ये रेडिओवर एक गाणं लागलं आणि ती बंडाची खूण होती. तरुण लष्करी अधिकारी रणगाडे घेऊन बाहेर पडले, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली आणि जवळपास अर्धं शतक चाललेली राजवट एका दिवसात कोसळली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं मान्य केलं ते त्यानंतरच, १९७४ च्या अखेरीला. व्हासालो यांनाही त्यांचा हुद्दा परत मिळाला. गोव्याची मुक्ती पोर्तुगालच्या आधी झाली, तेरा वर्षं आधी.

पाठ्यपुस्तकात या सगळ्याला एखादा परिच्छेद मिळतो आणि त्यात 'ऑपरेशन विजय' असतं. छत्तीस तासांत संपलेली लष्करी कारवाई. ती महत्त्वाची आहेच. पण त्याआधीच्या तीस-पस्तीस वर्षांत छापखान्यात, मैदानात, जेवणाच्या टेबलावर आणि जंगलात जी माणसं न विचारता बोलली, ती परीक्षेला येत नाहीत. त्यातले फार थोडे नेते होते. शिक्षक, डॉक्टर, स्टेनो, घरातल्या बायका असेच जास्त होते.

पुढच्या ट्रिपमध्ये एवढं बघाच

* पत्रादेवी हुतात्मा स्मारक : बांद्याहून गोव्यात शिरल्या शिरल्या. स्वतःची गाडी असेल तर दहा मिनिटं थांबा.
* लोहिया मैदान, मडगाव : आजूबाजूला भरगच्च बाजार आहे. पावसाळ्यात गेलात तर १८ जूनचा थोडा अंदाज येईल.
* आझाद मैदान, पणजी : इथे हुतात्मा स्मारक आहे. १८ जून रस्त्यावरून चालत जाता येतं.
* आग्वादचा जुना तुरुंग : २०२१ मध्ये याचं संग्रहालय झालं. वरचा किल्ला बघून झाला की खाली उतरा.
* रेइश मागुशचा किल्ला : मारिओ मिरांडांची चित्रं बघायला लोक येतात. स्वातंत्र्यसैनिकांचं दालनही त्याच इमारतीत आहे.
* आंबोली : रेडिओ केंद्राची पाटी शोधत बसू नका. धबधब्याच्या आवाजात उभं राहून मित्राशी बोलून बघा, ऐकू जातं का. मग या आवाजात सकाळ-संध्याकाळ बातम्या वाचायच्या म्हणजे काय, ते कळेल.